मधला

सरळ आलेली गोष्ट सरळ जाऊ द्यायची नाही, हा ज्यांचा जन्मजात बाणा असतो, अशा माणसांची एक जात आहे. ही माणसं वाईट नसतात. ती कुणाच्या आडवी येत नाहीत, फक्त मध्ये येतात. आमच्या आष्ट्यातला असा गृहस्थ योगायोगानं तीन भावांतला मधलाच निघाला, त्यामुळे गल्लीनं त्याच्यासाठी वेगळं नाव शोधायची तसदी घेतली नाही. आईपासून किराणा दुकानदारापर्यंत सगळे त्याला मधलाच म्हणतात. आधार कार्डावर काय आहे ते बँकेला ठाऊक.

मधल्याच्या घरी नळ आणि घागर यांच्यामध्ये फडकं आहे, फडक्यामागं जाळी आहे आणि जाळीमागं एक बारीक चक्री आहे. घागर किती वेळात भरली ते ती चक्री मोजते. मोजून पुढं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. दाराची बेल दाबली की ती आधी माडीवर मधल्याच्या खोलीत वाजते आणि त्यानं बटण दाबून 'जाऊ दे' म्हटलं तरच खाली स्वयंपाकघरात वाजते. हा झोपलेला असला की पाहुणे दारात ताटकळतात.

"भावजी, ती बेल सरळ करा की," वहिनी दर दिवाळीला म्हणतात.

"सरळ केली तर कोण आलं, कोण गेलं, त्याची नोंद कशी राहणार?"

"आलेली माणसं समोर दिसत्यातच की!"

या युक्तिवादावर मधल्याकडे उत्तर नाही, पण बेलही सरळ झालेली नाही.

आष्ट्यात १९९९ पासून अण्णासाहेब डांग्यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, साखराळ्याच्या बाजूला राजारामबापूंच्या नावाचं आहे आणि सांगलीत १९४७ पासूनचं वालचंद आहे. थोडक्यात, या उसाच्या पट्ट्यात इंजिनिअरांचाही एकरी उतारा बरा पडतो. मधला यांतल्याच एका कॉलेजातून बाहेर पडला, हिंजवडीला गेला आणि २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप काखेत मारून घरी आला तो परत गेलाच नाही. कंपनीचं काम माडीवरून चालतं. काम काय, हे घरात कुणाला नीट सांगता येत नाही. त्याचं एक स्थळ याच कारणानं मागं पडलं. मुलीच्या वडिलांनी साधं विचारलं, "काय करता आपण?" मधल्यानं सरसावून सांगितलं, की एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर सगळं ठेवण्याऐवजी अनेक साध्या कॉम्प्युटरांवर पसरून ठेवायचं, वापरणाऱ्याला मात्र ते एकच कपाट दिसायचं, आणि माणूस ते कपाट उघडतो तेव्हा त्याचा हात आणि फाईल यांच्यामध्ये जे असतं, ते मी लिहितो. पोहे निवले. वडील म्हणाले, "म्हणजे कंपनीत कायम आहात का?"

तरी या माणसाची गावाला गरज पडली, ती धाकट्यामुळे. धाकट्याचा स्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी लग्नाचे फोटो म्हणजे एक जाड अल्बम आणि एक सीडी. आता साखरपुडा, हळद, लग्न, वरात आणि त्याआधी नदीकाठी नवरा-नवरीनं पळायचं ते वेगळं. सेकंदाला शंभर मेगाबिट या दरानं चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी होतात. त्यात दोन कॅमेरे आणि वर ड्रोन. धाकट्याच्या दुकानात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात हार्डडिस्का साठत गेल्या. त्यांवर स्केचपेननं लिहिलेलं असे: 'मे लग्नं फायनल', 'मे लग्नं फायनल २', 'मे लग्नं फायनल खरं'. यांतलं खरं कुठलं ते धाकटा वास घेऊन सांगायचा.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशाऱ्याची पातळी चाळीस फूट आणि धोक्याची पंचेचाळीस. त्या वर्षी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धाकट्याच्या ओळखीच्या एका सांगलीकर फोटोग्राफरच्या दुकानात छतापर्यंत पाणी. त्याच्याकडे प्रत्येक लग्नाची दुसरी प्रत होती. ती त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात होती.

ही गोष्ट मधल्याच्या मनात रुतून बसली. टाळेबंदीत घरी आल्यावर जेवताना तो हाच विषय काढायचा. "हरिपूरचं बघा की. हळद साठवायला जमिनीत पेवं. एक न्हाई, दोन न्हाई, ओळीनं. किडा लागत न्हाई, वर्षानुवर्षं माल टिकतोय. बाजारात भाव येईस्तोवर निवांत. आणि २००५ ला काय झालं? महापुराचं पाणी शिरलं आणि हळद गेली. पेवं पुष्कळ होती, पर सगळी एकाच नदीच्या काठाला! प्रती किती हाईत ते महत्त्वाचं न्हाई. त्या एकदम बुडणार न्हाईत ना, ते महत्त्वाचं."

थोरला शांतपणे म्हणाला, "भात वाढू का?"

पण धाकट्यानं ऐकलं, आणि पैसे दिले. मधल्यानं तीन जुने कॉम्प्युटर आणले. एक गावाबाहेर थोरल्याच्या मळ्यातल्या खोलीत, युरियाच्या पोत्यांपासून चार हात लांब. एक धाकट्याच्या दुकानात. एक स्वतःच्या माडीवर. यंत्रांना नावं द्यावी लागतात. त्यानं थोरला, धाकटा आणि मधला हीच दिली. त्याचा परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसला. माडीवरून फोनवर जोरजोरात आवाज आला, "धाकटा पडलाय! कधीचा पडलाय! कुणी बघितलंच न्हाई!" आणि आई पदर खोचून अनवाणी स्टँडकडे निघाल्या. वाटेत धाकटाच समोरून वडापाव खात येताना भेटला. त्या दिवशी दोघा भावांना एकत्र बोलणी बसली.

या तीन यंत्रांवर त्यानं ग्लस्टर नावाची प्रणाली बसवली. ती फुकट मिळते आणि तिचा कोड कुणालाही वाचता, बदलता येतो. तिची बरीचशी घडण बंगळुरूत झाली आणि २०११ मध्ये रेड हॅट या अमेरिकन कंपनीनं ती बनवणारी कंपनी सुमारे १३ कोटी ६० लाख डॉलरना घेतली. हे ऐकल्यावर आईंनी विचारलं, "एवढ्याला घेतली, मग तुला फुकट कशी देत्यात?" मुक्त सॉफ्टवेअरवर आजवर झालेल्या चर्चांत यापेक्षा नेमका प्रश्न क्वचितच आला असेल. मधल्यानं परवाना, समाज, सहकार असं पुष्कळ सांगितलं. सहकाराचं नाव ऐकल्यावर आईंनी विषय सोडला. आमच्या भागात सहकार म्हटल्यावर पुढं विचारायचं नसतं.

सुरुवातीला यंत्रं दोनच जोडलेली होती. मळ्यात एक प्रत, दुकानात एक प्रत. मध्ये बिनतारी जोडणी. एक दिवस वाऱ्यानं अँटेना फिरला. दुकानात धाकट्यानं दरपत्रकात चाळीस हजार लिहिले. मळ्यात बसून मधल्यानं त्याच फाईलमध्ये पंचेचाळीस लिहिले. जोडणी परत आली तेव्हा दोन्ही यंत्रं आपलंच खरं म्हणून बसली आणि प्रणालीनं फाईल उघडायलाच नकार दिला. याला त्या धंद्यात 'स्प्लिट-ब्रेन' म्हणतात. वाळवा तालुक्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही: दोन भाऊ, एक बांध, दोन सातबारे आणि दोन्हींवर सही तलाठ्याची.

उपाय एकच, तिसरा गडी. ग्लस्टरमध्ये त्याला 'आर्बिटर' म्हणतात. त्याच्याकडे फाईलचं फक्त नाव आणि आतली नोंद असते, की कुणी बदल केला, कुणाचा राहिला. फाईल स्वतः त्याच्याकडे शून्य आकाराची असते. वाद झाला की तो कुणाच्या बाजूनं ते ठरतं. मधल्यानं ही जागा माडीवरच्या यंत्राला दिली आणि घरच्यांना समजावून सांगितली. थोरल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे ह्याच्याकडं माल काय न्हाई. नुसती दप्तरं. बरोबर नाव ठेवलंस."

यानंतर साध्या माणसानं हात झटकले असते. पण मधल्याच्या दृष्टीनं आत्ता कुठं जमीन सपाट झाली होती.

ग्लस्टरची रचनाच अशी, की तिनं या स्वभावाच्या माणसाला भुरळ घालावी. तिथं फाईल थेट डिस्कवर जातच नाही. वरून खाली एकावर एक थर असतात. त्यांना 'ट्रान्सलेटर' म्हणतात. एक थर प्रती काढतो, एक फाईल कुठल्या डिस्कवर जायची ते ठरवतो, एक लिहिणं थोडं रोखून धरतो, अगदी तळाचा तेवढा डिस्कवर लिहितो. प्रत्येक थर वरून आलेलं खाली देतो आणि खालून आलेलं उत्तर वर देतो. आणि यांच्यामध्ये आपला थर बसवायची मुभा आहे! सी भाषेत लिहायचा, वेगळी फाईल करून ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, थरांच्या यादीत चार ओळी घालायच्या. मधल्याला हे पहिल्यांदा कळलं, त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आयुष्यभर लोक ज्याबद्दल बोलत आले, त्याच्यासाठी जगात कुणीतरी रीतसर जागा राखून ठेवली होती.

कोणता थर लिहायचा हा प्रश्न दुकानातल्या पोरानं सोडवला. धाकट्याच्या हाताखालच्या त्या पोरानं जागा मोकळी करायला म्हणून एका लग्नाची अख्खी हळद पुसली. तीन यंत्रांची व्यवस्था चोख चालली: पुसायचा हुकूम सगळ्या यंत्रांनी इमानेइतबारे पाळला. हळद एकाच वेळी सगळीकडून गेली. धाकटा नवरीकडच्यांना सांगत बसला, की हळद तशी घरगुतीच होती.

"ह्याच्यावर इलाज हाय," मधला म्हणाला. पुसायचा हुकूम आला की मधल्या थरानं तो अडवायचा, वर 'पुसलं' असं सांगायचं आणि फाईल गुपचूप एका लपवलेल्या फोल्डरमध्ये तीन महिने ठेवायची.

सराव म्हणून त्यानं आधी ग्लस्टरबरोबर येणारा नमुन्याचा थर घेतला. त्याचं नाव रॉट-१३. इंग्रजी अक्षर आलं की ते तेरा घरं पुढं सरकवायचं, वाचताना परत जागेवर आणायचं. त्यानं एका फाईलमध्ये आष्ट्याचं नाव दोनदा लिहिलं, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. मग थराला चुकवून थेट डिस्कवरची फाईल उघडली. इंग्रजी आष्ट्याचं 'एनएफयूजीएन' झालेलं होतं. खालचं मराठी 'आष्टा' जसंच्या तसं. हा थर ए ते झेडपलीकडे काही ओळखतच नाही. मराठी अक्षरं ज्या अंकांत साठवली जातात, त्यांना तो हात लावत नाही. मधल्यानं खाली येऊन आईला मोठ्या अभिमानानं सांगितलं, "इंग्रजीचं वाटोळं झालं, मराठीला काही झालं न्हाई." आई म्हणाल्या, "चांगलं झालं. शाळेत मास्तर उलटं सांगत होते."

मग स्वतःचा थर. पहिल्या दिवशी तो सुरू होताक्षणी कोसळला आणि दुकानातल्या पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की ट्रान्सपोर्ट एन्डपॉइंट इज नॉट कनेक्टेड. एसटीतून निवृत्त झालेले मामा तिथं पासपोर्ट फोटो काढायला आले होते. ते म्हणाले, "आष्टा डेपो न्हाई रं, नुसता स्टँड हाय. एन्डपॉइंट इस्लामपूरला." दुसऱ्या दिवशी कोसळला नाही, त्याहून वाईट झालं. मधल्यानं हुकूम खाली दिला, पण उत्तर वर द्यायची ओळ एका वाटेवर राहून गेली. अशा वेळी वरचा माणूस वाट बघत राहतो. चूक झाली असं कुणी सांगत नाही, बरोबर झालं असंही सांगत नाही. दुकानातली खिडकी गोल गोल फिरत राहिली आणि मामा ओला चेहरा पुसत स्टुलावर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "हे मात्र अगदी डेपोसारखं हाय."

तिसरी गोष्ट घडली ती मधल्याच्या चरित्रातली मोठी. थर चालू लागला. त्यानं चाचण्या लिहिल्या होत्या. ग्लस्टरची रीत अशी, की प्रत्येक चाचणी एका ओळीत उत्तर देते: ओके किंवा नॉट ओके. सगळ्या ओळी ओके. रोज ओके. मधला शीळ घालत जिना उतरू लागला. वहिनींना वाटलं स्थळ जुळलं. आणि एके दिवशी थोरल्याच्या पोरानं, पुतण्यानं, सहज म्हणून एक फाईल पुसली, लपवलेल्या फोल्डरमध्ये बघितलं आणि विचारलं, "काका, हितं काहीच न्हाई."

खरंच काही नव्हतं. झालं होतं असं: मधल्यानं यादीत हातानं घातलेल्या चार ओळी, कसलीशी एक सेटिंग बदलल्याबरोबर, प्रणालीनं यादी नव्यानं लिहिताना उडवल्या होत्या. त्याचा थर कितीतरी दिवस मध्ये नव्हताच. चाचण्या पास होत होत्या, कारण त्या सगळ्या एवढंच विचारत होत्या, की फाईल लिहिता येते का, वाचता येते का, पुसता येते का. आणि मधला नसला की हे सगळं फारच सुरळीत होतं.

घरात यावर कुणी मोठ्यानं हसलं नाही, हे त्या घराचं मोठेपण. थोरला फक्त म्हणाला, "ती बेल पण तशीच काढून बघूया का?"

पण इथंच या जातीच्या माणसाची खरी ओळख पटते. मधला खचला नाही. त्यानं नियम केला: चाचणी आधी नापास होऊन दाखवली पाहिजे. थर काढायचा, चाचणी चालवायची, नॉट ओके यायलाच हवं. मग थर घालायचा, ओके. जी चाचणी कधीच नापास होत नाही, तिच्यावर त्याचा विश्वास नाही. त्या यादीच्या बाबतीतही त्यानं तोडगा काढला. प्रणालीनं यादी लिहून संपवली, की पाठोपाठ एक छोटा प्रोग्रॅम धावतो आणि त्या चार ओळी पुन्हा घालतो. अर्थात, मध्ये.

मग त्याला मोडायचा नाद लागला. ग्लस्टरमध्ये मुद्दाम चुका करणारा एक तयार थर आहे. तो मध्ये बसवला की अधूनमधून खोटंच सांगतो, डिस्क बिघडली, जागा संपली. चुका करायला पगारी माणूस ठेवावा तसा मधल्यानं तो ठेवला. शिवाय घरचे होतेच. पुतण्याला दहा रुपयांना एक केबल, या दरानं वायरी उपटायचं कंत्राट दिलं. पोरानं उत्साहाच्या भरात फ्रीजचीही उपटली; वहिनींनी दुधाचे पैसे मधल्याकडून वसूल केले.

सगळ्यात मोठी कृपा मात्र लाईटची. लाईट गेली की गल्लीत घरोघर जे शब्द निघतात ते इथं छापता येणार नाहीत. माडीवरून मात्र "गेली! गेली!" असा आनंदाचा आवाज येतो. बंगळुरू-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत अचानक वीज जाण्याचा प्रसंग घडवून आणायला माणसं आणि यंत्रणा लागते; आष्ट्यात तो घरपोच मिळतो. वहिनींनी इन्व्हर्टर घेतला तेव्हा मधल्यानं आपली यंत्रं त्याला जोडू दिली नाहीत. त्याचं म्हणणं, 'लिहिलं' असं कॉम्प्युटर सांगतो तेव्हा ते डिस्कवर लिहिलेलं असतंच असं नाही. मेमरीत ठेवून पुढं निघून गेलेला असतो. खरं लिहिलंय का, ते लाईट गेल्यावर कळतं. लाईट आली की तो पडद्यासमोर बसतो. दुकानातलं यंत्र उठतं, मळ्यातल्या प्रतीकडून राहिलेलं मागून घेतं आणि बाकी फाईलींचा आकडा उतरत जातो, ४१, १७, ३, ०. शून्य आलं की मधला मांडीवर थाप मारतो. थोरला रात्रीच्या लाईटला उसाला पाणी पाजून येतो, त्यानं एकदा हे बघितलं आणि म्हणाला, "आम्ही लाईट यायची वाट बघतोय आणि हा जायची. एकाच आईची पोरं."

२०२५ साली इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, तेव्हा तालुक्यात पाट्या रंगवायची गडबड होती. मधल्यानं चाचणी रंगवली. ग्लस्टरमध्ये कुठली फाईल कुठं आहे याचं वेगळं रजिस्टर नसतं. नावावरूनच गणित करून जागा निघते. मग नाव बदललं तर? त्यानं इस्लामपूर नावाची फाईल केली, तिला ईश्वरपूर केलं आणि डिस्का उघडून बघितल्या. आतला माल जुन्याच डिस्कवर होता. नव्या नावाच्या गणितानं जी डिस्क निघाली, तिथं शून्य आकाराची एक चिठ्ठी, की मूळ तिकडं आहे. मधल्यानं हे स्टँडवर मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "मग एसटीनं वेगळं काय केलंय?"

या सगळ्या खटाटोपाच्या मधोमध कुणीतरी त्याला सांगितलं, की पुसलेलं राखून ठेवणारा थर ग्लस्टरमध्ये आधीपासून आहे. ट्रॅश नावाचा. घरात शांतता पसरली. एवढी वर्षं, एवढ्या केबली, एवढं दूध. पण मधला डगमगला नाही. "तो मुळात पाच एमबीपर्यंतच्या फाईली धरतोय. आपली हळद चाळीस जीबीची."

"मग तो आकडा वाढवता येत न्हाई का?" धाकट्यानं विचारलं.

"येतोय की."

"मग?"

मधल्यानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "ते त्यांचं. हे आपलं मोडून बघितलेलं."

हसण्यासारखं आहे, पण एवढ्यावर या माणसाला निकालात काढता येत नाही. जगातल्या मोठमोठ्या साठवणी याच स्वभावावर उभ्या आहेत. सेफ नावाची दुसरी एक प्रणाली आहे. तिच्यात एखादी डिस्क गेली की उरलेल्यांवरचे तुकडे वाचून गेलेलं परत उभं करता येतं. ते करताना इतर डिस्कांवरून कमीत कमी वाचावं लागावं, यासाठी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी क्ले नावाची पद्धत काढली, २०१८ मध्ये मांडली आणि २०१९ च्या आवृत्तीत ती प्लगिन म्हणून सेफमध्ये गेली. चालतंय की, असं म्हणून ती माणसं बसली असती तर कुणी त्यांना बोललं नसतं. दुसऱ्यानं 'चालतं' म्हटलेल्या वस्तूवर त्यांचा जीव बसत नाही. ती आपल्या हातानं पाडावी, परत उठते का ते बघावं, मग ती आपली. आपण बाकीचे नेमके उलटे. आपण न मोडलेल्यावर विश्वास ठेवतो आणि मोडलं की हळहळतो.

२०२४ संपताना रेड हॅटनं आपल्या ग्लस्टर उत्पादनाचा पाठिंबा थांबवला. धाकट्यानं ते कुठूनसं ऐकलं आणि धावत माडीवर आला. "भाऊ, कंपनीनं हात काढला म्हणत्यात. आता कोण बघणार?" मधल्याच्या चेहऱ्यावर, वरचा माणूस रजेवर गेल्याचं कळल्यावर कारकुनाच्या चेहऱ्यावर येतं ते तेज होतं. "आता? आता आपणच!"

आणि खरं सांगायचं तर त्याचं चालतं. दुकानातल्या पोरानं पुन्हा एकदा एक लग्न पुसलं, आणि धाकटा घाम पुसेपर्यंत मधल्यानं ते लपवलेल्या फोल्डरमधून काढून दिलं, वर पुसण्याची तारीख, वेळ आणि पुसणाऱ्याचं नाव. पोराला ओरडायचं सोडून मधल्यानं त्याला चहा पाजला आणि अजून काय काय पुसता येईल असं विचारलं.

एवढं होऊनही, परवा एका लग्नाचं काम पुरं झाल्यावर धाकटा म्हणाला, "भाऊ, तुझं ते तीन ठिकाणचं राहू दे. नवरीच्या वडिलांना एका पेनड्राइव्हवर टाकून दे. त्यांना हातात काहीतरी पायजे." दुसऱ्या कुणाला अपमान वाटला असता. मधल्यानं निमूटपणे टाकून दिलं. मात्र दिलं ते सरळ नाही. पेनड्राइव्ह पाकिटात घातला आणि पाकिटावर, फाईल वाटेत बदलली नाही याची खूण म्हणून, तिचा बत्तीस अक्षरी चेकसम सुवाच्य अक्षरांत लिहिला. दोनदा, कारण एक प्रत पुरत नाही.

नवरीच्या वडिलांनी चष्मा लावून पाकीट उलटसुलट बघितलं. "राहिलेले पैसे ह्या नंबरवर टाकू का?"

"न्हाई न्हाई," धाकटा गल्ल्यावरच्या क्यूआरकडे बोट दाखवत म्हणाला, "पैसे हितं. तो नंबर आमच्या मधल्याचा हाय."

"मधल्याचा म्हणजे? त्याला लावायचा का फोन?"

"नका लावू," धाकटा घाईघाईनं म्हणाला. "तो सांगाय लागला की मुहूर्त टळतोय."